चाळीस भोकांची रिंग

नानांच्या सायकलचं मागचं चाक मोडलं ते सायकल चालवताना नाही, उभी असताना. वैशाखातली दुपार. मोंढ्याजवळच्या रसवंतीपाशी सायकल स्टँडवर लावून नाना रस प्यायला बसले होते. हळदीची पोती उतरवून एक ट्रॅक्टरवाला रिकामी ट्रॉली मागं घेत होता, त्याला सायकल दिसलीच नाही. ट्रॉली नेमकी मागच्या चाकावर टेकली आणि चाकाचा पार द्रोण झाला. पत्रावळीच्या शेजारी ठेवतात तसा. पोरगा घाबरून पाचशे रुपये काढायला लागला. नानांनी ते घेतले नाहीत, रसाचे पैसे मात्र त्याला द्यायला लावले.

सायकल १९८३ ची, २४ इंची ॲटलास. नाना तेव्हाच्या वीज मंडळात लाईनमन होते. कॅरियरला तारेचं भेंडोळं, हँडलला दोरखंड आणि पक्कड-पान्यांची पिशवी, असं ओझं घेऊन त्यांनी जिंतूर तालुक्यातले डांबर न पाहिलेले रस्ते याच सायकलवर तुडवले. ब्रेक तारेचे नाहीत, लोखंडी दांड्यांचे. आता नाना शहात्तर वर्षांचे आहेत. रोज सकाळी मोंढ्यात जातात. तिथं त्यांचं काय काम असतं हे आम्ही कधी विचारलं नाही, पण सायकलशिवाय तीन दिवस घरात बसले तेव्हा आईनंच मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘ते चाक लवकर बघ रे बाबा.’’

आता २४ इंची म्हटलं की माणसाला वाटतं चाक चोवीस इंचाचं. मलाही चाळिशी उलटेपर्यंत तसंच वाटायचं. चोवीस ही फ्रेमची उंची, सीटखालच्या नळीची. चाक अठ्ठावीसचं. २२ इंची घ्या नाहीतर २४ इंची, त्या काळच्या या काळ्या सायकलींना चाक एकच, २८ गुणिले दीड.

गल्लीच्या तोंडाशी चाचांचं दुकान आहे. दुकान म्हणजे लिंबाचं झाड, एक पेटी, पाण्याचं घमेलं आणि टायरची लटकवलेली माळ. चाचांनी चाक काढलं, जमिनीवर आडवं ठेवलं, एका कडेवर पाय दिला तर दुसरी कडा वीतभर वर आली. म्हणाले, ‘‘रिंग गेली. तारा बी गेल्या. हब चांगलाय.’’ हब म्हणजे चाकाच्या मधला, तारा जिथून निघतात तो भाग. मग मोजल्याबिजल्याशिवाय नुसतं बघून, ‘‘चालीस की है ये. अब इधर कोई नै रखता. छत्तीसचं पूर्ण चाक आणा, अर्ध्या तासात टाकून देतो.’’

चाळीस म्हणजे तारांची भोकं. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, चाचांचं जग या गल्लीपुरतं. आपल्या हातात मोबाईल आहे.

रात्री बसून शोधलं. २८ इंच, मागचं चाक, हबसकट, ताराबिरा सगळं बसवलेलं. काळं कुळकुळीत ॲल्युमिनियम, फोटोत असं की नानांच्या सायकलला घातलं तर ती तरणी होईल. मागवलं. सहा दिवसांनी खोकं आलं. नाना ओसरीवर खुर्ची टाकून बसले आणि मी पाना घेऊन चाक बसवायला लागलो.

पहिली अडचण, चाक चिमट्यात शिरेना. टेप लावला. नानांच्या सायकलच्या मागच्या दोन पात्यांमधलं अंतर अकरा सेंटिमीटर आणि वर थोडंसं. नव्या चाकाचा हब साडेतेरा सेंटिमीटरचा, कारण तो गिअरच्या सायकलीचा. गिअरच्या चकत्या मावायला जागा लागते. मी जोर लावून पाती फाकवायला गेलो तेव्हा नाना पहिल्यांदा बोलले, ‘‘फ्रेम मोडशील.’’

तरी मी एकदा कसंबसं चाक आत नुसतं धरून बघितलं. ते फिरेचना. ब्रेकच्या गुटक्यावर अडकून बसलं. हे काय गौडबंगाल आहे ते कळायला मला खाली वाकून, मान वाकडी करून बराच वेळ बघावं लागलं.

आजकालच्या सायकलचा ब्रेक रिंगला दोन्ही बाजूंनी चिमटा काढतो. दांड्याच्या ब्रेकचं तसं नाही. त्याचे गुटके रिंगच्या आतल्या अंगाला, म्हणजे हबकडच्या तोंडाला असतात, आणि दांडा ओढला की ते आतून बाहेर रिंगवर दाबले जातात. म्हणून त्या रिंगची घडण वेगळी. मधोमध तारांसाठी एक फुगीर पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गुटके टेकायला दोन गोल खांदे. वेस्टवुड रिंग म्हणतात तिला. नव्या चाकाच्या रिंगला खांदेच नव्हते. दोन्ही बाजू सपाट, आतून निमुळती. गुटक्यानं धरायचं कशाला? आणि मुळात रिंग लहान असल्यामुळं ती गुटक्यांच्या जागेतच येऊन बसली होती.

लहान कशी? दोन्ही अठ्ठावीसच्या ना? मी चाक सोडून दिलं आणि नानांचा टायर घेऊन त्या रिंगवर चढवून बघितला. जुना टायर चढवायला एरवी दोन पट्ट्या आणि चार शिव्या लागतात. हा आपोआप चढला आणि खालच्या बाजूला सैल पायजम्यासारखा लोंबायला लागला.

उत्तर माझ्या मुलीनं शोधलं, ती आठवीत आहे. टायरच्या कडेला २८ × १½ असं ठळक लिहिलेलं असतं, त्याच्याजवळच बारीक अक्षरात आणखी एक आकडा होता, धुळीनं भरलेला. तिनं थुंकी लावून पुसला. ४०-६३५. नव्या रिंगवरच्या स्टिकरवर होतं ६२२. ‘‘बाबा, हे सारखे नाहीत,’’ एवढंच ती म्हणाली आणि अभ्यासाला निघून गेली.

तो ६३५ म्हणजे टायरची कडा रिंगवर जिथं बसते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. खरं माप ते. अठ्ठावीस हे टायर हवेनं फुगवल्यावर बाहेरून बाहेर किती भरेल त्याचं जुन्या काळचं नाव. जाड टायरची लहान रिंग आणि बारीक टायरची मोठी रिंग, दोन्ही बाहेरून अठ्ठावीसच्या आसपास भरतात, म्हणून दोघींना एकच नाव पडलं. ६२२ आणि ६३५ मध्ये फरक तेरा मिलिमीटरचा. ऐकायला काही नाही. पण परिघात तो चार सेंटिमीटर होतो, आणि चार सेंटिमीटर सैल टायरवर कुणी बसलं तर पहिल्याच वळणाला टायर बाहेर. सव्वीसमध्ये तर याहून घोळ. बायकांच्या जुन्या सायकलचं २६ × १⅜ म्हणजे ५९०, आणि पोरांच्या जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलचं २६ म्हणजे ५५९. दुकानात जाऊन नुसतं ‘सव्वीसचा टायर द्या’ म्हणणारा माणूस घरी जाऊन परत येणारच. जुन्या सायकलला काही शोधत असाल तर आधी टायर पुसा आणि तीन आकडी नंबर वाचा, बाकी सगळं नंतर.

ते चाक परत घ्यायला विकणाऱ्यानं चार दिवस वाद घातला, शेवटी काही पैसे कापून घेतले. तो भाग सोडून देतो.

मी चाचांकडं गेलो. ते काही बोलले नाहीत, पण हसले. त्यांचा मूळचा उपाय अजून उभाच होता. बाजारात आजही काळ्या सायकलींची चाकं मिळतात, ६३५ चीच, खांद्यांची रिंग, अरुंद हब, सगळं जुळतं. फक्त भोकं छत्तीस. हबही छत्तीसचा आणि रिंगही छत्तीसची असली की काही बिघडत नाही. खरं सांगायचं तर शहाण्या माणसानं हेच करावं. मीही करणार होतो. नानांनी करू दिलं नाही.

‘‘हबला काय धाड भरली?’’ ते म्हणाले.

जुना हब काढून धुतला होता, तो त्यांनी हातात घेऊन मला दाखवला. मधोमध तेलाचं एक बारीक भोक आणि त्यावर सरकणारी पत्र्याची चिमटी. दर अमावास्येला नाना त्यात तेलाचे दोन थेंब सोडत आलेत. आसावरचे कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारे शंकू, दोनदा बदलले, छर्रे किती वेळा ते आठवत नाही, पण आतल्या वाट्या अजून आरशासारख्या. आस फिरवला की कुठंही खरखर नाही. असा हब भंगारात घालायचा आणि त्याच्या जागी ज्याचे छर्रे पहिल्या पावसातच गंजतील असा बसवायचा, हे त्यांना पटेना. आणि हब हातात घेऊन बघितल्यावर मलाही पटेना.

मग स्टेशन रोडच्या एका मेकॅनिकनं तिसरी तोड सुचवली. छत्तीसची रिंग घ्या, हब चाळीसचा राहू द्या, हबची चार भोकं रिकामी सोडतो. ‘‘कळत बी नाही.’’ मी घरी येऊन सांगितलं. नाना ताडकन म्हणाले, ‘‘खांबाचे चार ताण सोडून बघ म्हणावं, मग कळतं.’’

खांबाला तिरक्या तारा ओढून जमिनीत पुरतात ना, तो ताण. वळणावरचा खांब त्यांच्या जिवावर उभा असतो. नानांच्या लेखी चाक म्हणजे तेच. हब म्हणजे खांब आणि त्याला चहूकडून चाळीस ताण. सगळे सारखे ओढलेले असले की हब मधोमध लटकून राहतो, एक सैल सोडला की शेजारच्यांवर भार जातो, आणि मग एकेक तार हबापाशी तुटत जाते. आयुष्यात सायकलचं चाक एकदाही न बांधलेल्या माणसानं हे मला ओसरीवर बसून समजावलं. बरोबर होतं.

चाळीस का, हेही त्यामुळं कळतं. मागच्या चाकावर माणसाचं वजन, कॅरियरचं ओझं, वर चेनची ओढ. म्हणून जुन्या सायकलींना मागं चाळीस तारा आणि पुढं बत्तीस. दोन्ही मिळून बहात्तर, म्हणजे अर्धा ग्रोस, एकशे चव्वेचाळीसचा निम्मा. तारांचा एक ग्रोसचा पुडा फोडला की दोन सायकली बरोबर भरतात, एक तार उरत नाही. हल्ली बऱ्याच सायकलींना पुढं-मागं छत्तीस असतात. बेरीज तीच, पण दुकानदाराला एकाच जातीची रिंग ठेवून भागतं. म्हणून चाळीसची मागं पडली.

ॲटलासचं म्हणाल तर कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये ३ जूनला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिन होता. पण माझ्या कामाला त्यानं काही फरक पडला नाही. या सायकलींचे सुटे भाग कंपनीच्या नावाला बांधलेले नसतातच. लुधियानात रिंगा, हब, तारा करणारे ढिगानं कारखाने, माप सगळ्यांचं एक. हर्क्युलिसची रिंग ॲटलासला चालते, आणि नाव नसलेली दोघांनाही. प्रश्न फक्त जवळ कुणाच्या माळ्यावर पडली आहे एवढाच.

परभणीत चार दुकानं झाली. एकानं जालना सांगितलं, दोघांनी नांदेड. चाचांनी त्यांच्या ओळखीच्या एका ठोक व्यापाऱ्याला फोन लावला. त्यानं ‘या, बघू’ म्हटलं. मी निघताना चाचांनी एक काम केलं, त्याला तोड नाही. वाकड्या रिंगचा हातभर तुकडा करवतीनं कापून माझ्या पिशवीत टाकला, हब टाकला, आणि हबच्या दोन्ही बाजूंची एकेक सरळ तार. म्हणाले, ‘‘बोलू नका काही, समोर हे ठेवा.’’

सकाळची गाडी. मिरखेल, पूर्णा, लिंबगाव, तास-सव्वा तासात नांदेड. इतवाऱ्याच्या बाजूला दुकान सापडलं. काउंटरवरच्या म्हाताऱ्या शेठनं रिंगचा तुकडा हातात घेतला, आडवा धरून त्याच्या कापलेल्या तोंडाकडं बघितलं, अंगठ्यानं खांदे चाचपले. ‘‘कुठून आलात?’’ परभणी म्हटल्यावर हसून म्हणाले, ‘‘बनी तो बनी, नाहीतर परभणी.’’ ही म्हण ऐकल्याशिवाय परभणीच्या माणसाचं नांदेडात कामच होत नाही.

पोरगा माळ्यावर चढला. खाकी कागदात गुंडाळलेल्या रिंगांची चळत खाली आली. पहिल्या तीन छत्तीसच्या. चौथीचा कागद फाडून शेठनं बोटानं भोकं मोजली नाहीत, व्हॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, भोकापासून वीत टाकून बघितली आणि माझ्याकडं सरकवली. मी मोजली. चाळीस. क्रोम जुनं होतं, एका जागी सुईच्या टोकाएवढे गंजाचे दोन ठिपके. तुकडा तिच्या अंगाला लावून बघितला, खांद्याला खांदा बसला. मग त्यांनी रिंग काउंटरच्या काचेवर आडवी ठेवली आणि कडेनं बोट टकटक करत फिरवलं. कुठं टक वाजलं तर तिथं रिंग काचेला टेकलेली नाही. एका ठिकाणी वाजलं, जेमतेम. ‘‘एवढं तार ओढून घेते,’’ म्हणाले.

तारांची लांबी त्यांनी टेपनं मोजलीच नाही. भिंतीत एक खिळा होता, त्यात माझी जुनी तार तिच्या वाकड्या मानेनं अडकवली, शेजारी नवी अडकवली. खालची टोकं बरोबरीनं आली की झालं. पहिली जोडी दोन सूत कमी भरली, दुसरी जुळली. ग्रोस फोडायला ते तयार नव्हते, मग फोडला. बेचाळीस तारा आणि तेवढे निपल, म्हणजे तार रिंगला आवळणाऱ्या चिमुकल्या चाक्या, कागदात बांधून दिले. रिंग साडेचारशे, तारा-निपल दोनशे दहा.

परतीच्या गाडीत रिंग मांडीवर उभी धरून बसलो होतो. पूर्णेला एक धोतरवाले आजोबा चढले, समोर बसले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘चाळीसची का?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली चाक बांधायला बसले चाचा, आणि शेजारी पेटीवर नाना. चाचांनी आधी हबमध्ये एका बाजूच्या दहा तारा घातल्या, एक भोक सोडून एक. पहिल्या तारेची जागा त्यांनी नीट बघून ठरवली, व्हॉलच्या भोकाच्या लगत. रिंगची भोकंही एका रेषेत नसतात, एक किंचित उजवीकडं, पुढचं किंचित डावीकडं. तेही जुळावं लागतं. मग दुसऱ्या बाजूच्या दहा. इथवर ते सोपं दिसतं. मग हब मुठीत धरून त्यांनी जरासा पिळला आणि तारा सगळ्या एका अंगाला झुकल्या. उरलेल्या वीस तारा उलट्या दिशेला. प्रत्येक तार चार तारांना ओलांडून जाते, तीन वरून आणि चौथीच्या खालून. बाज विणणाऱ्याचा हात आठवला मला. तिथंही दोर असाच शेवटच्याच्या खालून काढतात. सगळ्या लागल्यावर चाचांनी व्हॉलच्या भोकाकडं बोट दाखवलं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींपासून लांब जाणाऱ्या होत्या, पंपाचं तोंड आत सहज जावं म्हणून. एक भोक चुकलं असतं तर तिथं फुली आली असती आणि नाना दर वेळी हवा भरताना बोटं सोलून घेत बसले असते.

मग आउट काढणं, म्हणजे रिंगचा वाकडेपणा घालवणं. सायकल उलटी करून चाक चढवलं, चिमट्याला खडू टेकवला, चाक फिरवलं. जिथं खडूची रेघ उमटली तिथं रिंग त्या बाजूला आलेली. तिथल्या पलीकडच्या बाजूच्या निपलला पाव फेरा, अलीकडच्याला पाव फेरा उलट. पावाच्या वर एकदाही नाही. डावा-उजवा आउट निघाला की वर-खालचा. तो निघेपर्यंत पुन्हा डावा-उजवा येतो. तासभर हेच. रिंग बरोबर मधोमध आली का, हे बघायला त्यांनी चाक काढून उलटं करून बसवलं, फ्रीव्हीलची, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राची, बाजू डावीकडं. दोन्ही वेळा रिंग एकाच जागी दिसली तर मध्यावर आहे, सरकली तर नाही. किंचित सरकली होती, तीही काढली.

नाना एवढा वेळ गप्प होते. आता पुढं वाकून बोटानं तारा छेडायला लागले, खांबाचा ताण वाजवून बघायची जुनी खोड. एका बाजूच्या तारा टणटण, दुसरीच्या जरा खाली. म्हणाले, ‘‘चाचा, ही बाजू सैल राहिली.’’

चाचा म्हणाले, ‘‘नाही नाना. फ्रीव्हीलला जागा द्यायला हबची तिकडची चकती आत सरकलेली असते. तिकडच्या तारा उभ्या लागतात, म्हणून त्यांना ताण जास्त. इकडच्या पसरट, त्यांना कमी. दोन्ही बाजू सारख्या वाजल्या तर रिंग मध्यावर राहणार नाही. एका बाजूच्या आपसात सारख्या वाजल्या पाहिजेत.’’

नानांनी पुन्हा एकदा सगळ्या वाजवल्या, आधी एक बाजू, मग दुसरी. ‘‘बरोबर आहे,’’ म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकायला मंडळातल्या साहेबांना वर्षं लागायची.

टायर दोन पट्ट्या आणि दोनच शिव्यांत चढला. ब्रेकचे गुटके रिंगच्या खांद्यांना करंगळीच्या नखाएवढी फट ठेवून बसले. चाचांनी अडीचशे रुपये सांगितले, मी तीनशे दिले, त्यांनी पन्नास परत केले. उरलेल्या दोन तारा नानांनी सुतळीनं फ्रेमच्या नळीला बांधून टाकल्या, जिथं पंप असायचा तिथं.

वीस दिवसांनी चाक पुन्हा किंचित डुलायला लागलं. मला वाटलं झालं, सगळी मेहनत पाण्यात. पण चाचा म्हणाले, नवीन तारा पहिले काही दिवस बसतातच, आणायचंच होतं. खडू टेकवला, चाक फिरवलं, सहा-सात निपलांना पाव-पाव फेरा. नाना तोवर दुसऱ्या बाजूनं तारा वाजवत होते. एकीपाशी थांबले, पुन्हा वाजवली आणि चाचांकडं बघितलं. चाचांनी न बोलता तिलाही पाव फेरा दिला.